इथं चूक हाय, बघा हां

वडूजच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत हरणाबाईंचं दुकान आहे, पण गेल्या हिवाळ्यापर्यंत दुकानाला पाटी नव्हती. म्हणजे होती. रंगवणाऱ्याने 'हरणाबाई लेडीज टेलर' असं झकास लिहिलं होतं. फक्त 'लेडीज'च्या 'ले'वरची मात्रा जरा कलली होती. इतकी जरा, की ती रंगवणाऱ्याला दिसली नाही, गल्लीला दिसली नाही आणि चष्मा लावून पाटी वाचणाऱ्या मलाही दिसली नाही. हरणाबाईंना दिसली. त्यांनी पाटी उतरवली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून ठोकली.

"कोंबड्यास्नी मात्रा कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर सकाळी अंडी काढताना मला कळती, त्येचं काय करू?"

हरणाबाईंना वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, शेजारणीचा भांग, परातीतली भाकरी, सगळं त्या एक डोळा मिटून तपासतात. कमरेच्या चंचीत पान-सुपारीबरोबर अर्धं ब्लेड असतं. पान स्वतःला आणि ब्लेड जगाला. एकदा एसटी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत एक अनोळखी बाई उभी होती. तिच्या ब्लाउजच्या बाहीची टीप नागासारखी चालली होती. हरणाबाईंनी "जरा हात वर करा बरं" म्हणत ती तिथंच उसवायला घेतली. निम्मी बाही उसवून झाली आणि गाडी लागली. ती बिचारी बाही मुठीत धरून साताऱ्याला गेली. पुढच्या आठवड्यात भांडायला परत आली, आणि जाताना पाच खण शिवायला टाकून गेली.

ही नजर त्यांच्या हातात मेंढरांमागे हिंडताना आली. माहेर खटावच्या कोरड्या माळावरचं. पाऊसकाळ सरला की बाप मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि घोड्यावरच्या बोजात ही पोर बसलेली असायची, मांडीवर फाटकं घोंगडं आणि हातात दाभण. बाप सांगायचा, "मेंढरू वाट चुकलं तर हाकून आणता येतं, टाका चुकला की गेला." बापाची मेंढरं अधूनमधून वाट चुकली. पोरीचा टाका कधी चुकला नाही. लग्न होऊन वडूजला आल्यावर वाकळा शिवल्या, मग चोळ्या, मग मशीन आलं आणि ब्लाउज. आता पलीकडे इस्लामपुरापर्यंतच्या नवऱ्या यांच्याकडे मापं द्यायला येतात.

नवरा आकाराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्या घरात दोन शिस्ती आहेत, एक फौजेची आणि एक सुईची, आणि सुईपुढे फौज कायम माघार घेत आली आहे. हवालदार सगळ्यांना सांगतात, "दुनिया में एकच आदमी बिनागलतीचा. माझी बायको. बाकी मी धरून सगळे गलतीवाले."

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बनुबाई. त्याही शिवतात. सकाळी कापड द्या, दुपारी ब्लाउज न्या, आणि ज्याला बसेल त्याला घाला. बनुबाईंची टीप म्हणजे घाटातला रस्ता: मधेच वळण, मधेच चढ, आणि शेवटी आपण कुठं पोचलो ते कळत नाही. पण स्वभावानं अशी मोकळी बाई, की गिऱ्हाईक वाकडी बाही घेऊन हसतच घरी जातं. हरणाबाई त्यांना 'नागमोडी' म्हणतात आणि त्या हरणाबाईंना 'फूटपट्टी'. दोघींचं बोलणं बहुतेक गिऱ्हाइकांमार्फत चालतं. "तुमच्या फूटपट्टीला सांगा, माजी कातर तिच्याकडं राहिली." "त्या नागमोडीला सांग, तिची कातर सरळ कापाय लागल्यावर परत दीन."

तर अशा या गल्लीत, गेल्या हिवाळ्यात, साळूबाईंची मोटार येऊन थांबली.

साळूबाई वडूजच्या लेक आणि इस्लामपूरच्या सून. सासरी ऊस, कारखान्यात वजन, दारात ट्रॅक्टर. पण ब्लाउज मात्र माहेरच्या हरणाबाईंचाच. त्यांचा मुलगा राजवर्धन मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. कंपनीनं त्याला उत्तर मॅसेडोनियाला पाठवलं, यंत्रं बसवायला. त्यानं यंत्रं बसवली आणि येताना लग्न ठरवून आला.

मॅसेडोनिया कुठे आहे हे गल्लीत फक्त हवालदारांना माहीत होतं, कारण ते शांतिसेनेत लेबनानला जाऊन आले होते. "लेबनानच्या जरा वर," ते म्हणाले. "सिकंदर तिकडचाच. पर सिकंदर बियासपाशी येऊन माघारी फिरला. ही पोरगी बघा, थेट इस्लामपूर!"

पोरीचं नाव याना. पण त्यांच्याकडे ते इंग्रजी 'जे'नं लिहितात, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यानं पासपोर्ट बघून बिनधास्त 'जना' छापलं. मग काय, सासरच्या भावकीनं तिची जनाबाई केली. तिलाही ते आवडलं. कुणी "जनाबाई" म्हटलं की ती दिलखुलास "ओ!" देते. अंगानं चांगली उंच, हँडबॉल खेळणारी, खांदे असे रुंद की साळूबाई तिच्याशेजारी उभ्या राहिल्या की उसाशेजारी मेथी. मराठी तिला साळूबाईंनीच फोनवर शिकवलेलं. त्यामुळे उच्चार परदेशी आणि भाषा अस्सल वाळवा तालुक्याची.

"नमस्कार, हरणामावशी. तुमी लय भारी शिवता," जना म्हणाली. "हे माझ्या बाबांनी शिवलंय." आणि तिनं पिशवीतून एक पांढरा झगा काढला.

"बापानं?" हरणाबाई बघतच राहिल्या. "तुजा बाप शिवतो?"

"न्हाई न्हाई. बाबा. माझ्या आईची आई."

"आवं, त्यांच्यात आजीला 'बाबा' म्हनत्यात," साळूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मला पन चार महिने कळत नव्हतं. मी रोज इचारायची, बाबांचं गुडगं कसं हाय, आन् ही सांगायची, बाबा घागरा नेसून बसलीय."

"आन् आजोबाला काय म्हनता?" हवालदारांनी विचारलं.

"देदो."

"दे-दो? वा रे वा! आमच्यात आजोबा आयुष्यभर 'दे-दे'च करत्यात!"

मग झगा बाजेवर पसरला आणि सगळे पुढे वाकले.

घोट्यापर्यंत लांब, जाड पांढऱ्या कापडाचा. बाह्यांवर, गळ्याभोवती आणि खालच्या घेरावर असं भरतकाम, की कापड दिसू नये. गडद तांबडा, काळा, मधे कुठं कुठं पिवळा ठिपका. चांदण्यांसारखी आठ पाकळ्यांची फुलं, एकाला एक लागून, ओळीत. सोबत लोकरीचा लांबलचक कमरपट्टा. तो हवालदारांनी उचलून डोक्यालाच बांधून बघितला. "फेटाच की हा!"

हरणाबाईंनी फुलावरून बोट फिरवलं. नाकाशी धरलं. आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा लेकीला पाहून आईचा होतो.

"आगं, ही तर मेंढीची लोकर!"

"व्हय," जना म्हणाली. "देदोची मेंढरं होती. बाबा सूत काढायची, झाडाच्या मुळीत लाल करायची. बाबाच्या लग्नाआधी तिनं हे सगळं स्वतः भरलं. मुलगी लहान असते तेव्हापासून भरायचं, लग्नापर्यंत. आमच्यात कपडे बघून कळतं, बाई कुठल्या गावची, लग्न झालंय का न्हाई, मूल हाय का न्हाई."

"आमच्यात ते न बघता पन इचारत्यात," हवालदार म्हणाले.

हरणाबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "पर हे भरलेलं फकस्त काठांलाच का गं? मधे सगळं कोरं?"

जनानं गळ्याला, मग मनगटाला, मग घोट्याला हात लावला. "इथून, इथून आणि इथून वाईट आत येतं. दार असतं ना, तसं. म्हणून दाराला फुलं. मधे भिंत हाय, तिथं कशाला?"

"उंबऱ्याला हळदीकुंकू," हरणाबाई हळूच म्हणाल्या. "आन् पाठीमागच्या भिंतीला कोन लावतंय? बरोबर हाय. शहाणी हाय तुजी आजी."

काम साधंच होतं. आजी तरुणपणी सडपातळ, नात हँडबॉलवाली. झगा काखेत तटत होता. तिथं उसवून कापडाचा चौकोनी तुकडा घालायचा. इस्लामपूरच्या टेलरांनी हात लावायला नकार दिला होता. लग्नात सगळे विधी शालूत, पण अक्षता हा झगा घालून घ्यायच्या, असं ठरलेलं. आजीच्या गुडघ्यांना विमान झेपत नाही. ती फोनवरून लग्न बघणार होती आणि तिची एकच अट होती: नात नजरेआड नांदायला जातेय, तर निदान माझ्या झग्यात उभी राहू दे.

निघताना जनाला काहीतरी आठवलं. तिनं डावी बाही उचलली. मनगटाशी, ओळीतल्या शेवटच्या फुलाची एक पाकळी वळली होती. सगळ्या पाकळ्या ताठ आणि ही एकटी खाली मान घालून. परेडमधे एक जवान बुटाकडे बघत असावा तशी. जनानं तिच्यावर बोट ठेवलं, योग्य शब्द शोधला आणि सापडल्याच्या आनंदात म्हणाली,

"मावशी, इथं चूक हाय. बघा हां."

हरणाबाईंच्या डोळ्यांत चमक आली. ती पाकळी त्यांनी केव्हाच हेरली होती, पण परक्याच्या आजीचं काम म्हणून जीभ चावून बसल्या होत्या.

"बघते की!" त्या म्हणाल्या. "तू काय काळजी करू नगं."

"बघा हां," जनानं पुन्हा सांगितलं आणि मोटार गेली.

हरणाबाईंनी काखेचं काम असं केलं, की नवा तुकडा कुठं सुरू होतो ते शोधायला बोट फिरवावं लागे. भावाच्या कळपातल्या पांढऱ्या मेंढीच्या लोकरीनं शिवण पक्की केली. मग पाय पसरून बसल्या, ब्लेड काढलं, आणि त्या मान घातलेल्या पाकळीचे टाके एकेक करून उसवले. तोच तांबडा दोरा जपून पुन्हा ओवला आणि पाकळी ताठ केली. सगळी फुलं आता सावधानमधे. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. मीही गेलो. हरणाबाई म्हणाल्या, "इतकी हुशार आजी, पर शेवटाला कंटाळली आसंल. न्हातारं मानूस." त्यांच्या आवाजात मोठेपणाची जी दया होती, ती पुढे त्यांना फार महाग पडली.

लग्नाच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, सकाळी, साळूबाई आणि जना झगा न्यायला आल्या. जनानं तो अंगाला लावला, हात वर करून बघितले, काखेत बोट फिरवलं. "लय भारी! लय लय भारी!" हरणाबाई जमिनीपासून वीतभर वर. मग जनानं डावी बाही धरली. तिचं बोट फुलांवरून चालत मनगटाशी गेलं. थांबलं. परत मागे आलं. पुन्हा गेलं.

"चूक कुठाय?"

"गेली!" हरणाबाई म्हणाल्या.

"गेली? कुठं?"

"आगं, उसवली. नीट केली. तूच म्हनलीस न्हवं, चूक हाय, बघा हां?"

"व्हय, बघा हां! म्हणजे… बघा! सांभाळा!"

"आता माज्या करमा," साळूबाई मटकन बाजेवर बसल्या. "हे मीच शिकिवलं तिला. चुलीवर दूध ठिवून मी भाईर जाते तवा म्हंते, 'जना, दूध हाय, बघ हां.'"

"साळू, गिऱ्हाईक 'बघा हां' म्हनलं की आमी काम करतो गं!"

जना मशीनच्या स्टुलावर बसली होती. ती रडत नव्हती, पण रडणं टाळायला माणूस छताकडे बघतं तशी बघत होती. मग तिनं दोन बोटं डोळ्यांपुढे धरली आणि बाण मारावा तशी पुढे फेकली. "डोळा. वाईट डोळा. नवरी चांगली, कपडा चांगला, सगळं सरळ, सगळे बघतात. मग डोळा लागतो. म्हणून बाबा एक चूक करते. मुद्दाम. डोळा चुकीवर बसतो, मुलगी वाचते." तिनं बाही मांडीवर ठेवली. "बाबा म्हणाली, अक्षता पडताना मला ती चूक दाखव. मग मी झोपेन."

हरणाबाई बाहीवर वाकल्या. मग त्यांनी दोन्ही हात गालांवर नेले.

"आगं बया. तीट!" त्या म्हणाल्या. "साळू, काजळाचा तीट गं! मी लेकराच्या गालावरला तीट पुसला!"

आणि ज्या बाईनं रंगाऱ्याला माफ केलं नाही, ती स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. जनानंच उठून त्यांचे हात धरले.

"सोड मला. ऐक," हरणाबाई म्हणाल्या. "झगा हितंच ठेव. लग्नाला मी येनारच हाय, संगं घिऊन येते. तुज्या बाबाची चूक तिच्या जागंवर बसवून आनते. हा माजा शबुद."

मोटार गेली. हरणाबाईंनी पाकळी उसवली, सुई ओवली आणि चूक करायला बसल्या.

आणि इथं घोटाळा झाला. चूक होईना.

आयुष्यभर हाताला एकच वळण. सुई कापडात शिरली की आपोआप सरळ जाई. पहिली पाकळी झाली, बघतात तर ताठ. उसवली. डोळे मिटून घातली. ताठ. चष्मा काढून घातली, डाव्या हातानं घातली. डाव्या हाताची तर उजव्यापेक्षा सरळ आली. मग त्यांनी ठरवून, टाके मोजून, पाकळी वाकवली. ती इतकी रेखीव वाकली, की चूक वाटेचना. उलट ओळीतल्या बाकीच्याच चुकल्यासारख्या दिसायला लागल्या.

हवालदारांनी सूत्रं हातात घेतली. "दाहिने मूड! आता बाये! आता कुठंबी मूड!" त्या हुकूम पाळायला गेल्या आणि झालेला टाका पुन्हा कवायतीसारखा.

"आवं, तुमी गप बसा! हुकमानं चूक हुती व्हय?"

"फौजेत हुती," हवालदार म्हणाले. "पर ती साहेबाची."

दुपार कलली. हरणाबाईंनी सुई रिळात खोचली. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, झगा पिशवीत घातला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागल्या. मी ओट्यावरच होतो. गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक डोकं आलं. फूटपट्टी नागमोडीच्या दारात चालली होती.

बनुबाई शेंगा फोडत होत्या. "कोन मेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कोन न्हाई. बने, तुज्याकडं एक काम हाय." हरणाबाईंनी पिशवी पुढं केली. "मला एक चूक शिवून पायजे."

सगळी हकीकत ऐकल्यावर बनुबाई लगेच हसल्या नाहीत, हे त्यांच्या मोठेपणाचं. आधी झगा बघितला. मग हात धुतले, तोंड धुतलं, सुईला हळदीकुंकू लावलं. मग हसल्या. "म्हंजे आता फूटपट्टीला बनीची गरज पडली."

"पडली. घाल टाका."

"नीट सांग. म्हन, बनुताई."

"बनुताई, घाला टाका, न्हाईतर मी शेंगा सांडीन."

बनुबाईंनी सुई धरली. एका परमुलखातल्या आजीची लाज आपल्या हातात आहे, हे त्यांच्या मनात भरलं. श्वास रोखला. जीभ दातांत धरली. इतक्या मन लावून त्या जन्मात कधी बसल्या नव्हत्या. टाक्यामागून टाका पडत गेला, आणि पाकळी पुरी झाली.

सरळ. सुतासारखी.

"हे काय केलंस गं?" हरणाबाई म्हणाल्या.

"मला काय म्हाईत!" बनुबाईंचा आवाज चिरकला. "आवं बघा! सरळ आला! माज्या हातनं सरळ आला! आगं, कुनी बघा तरी!"

"बने, जलमभर मी तुजी वाट बघितली, आन् सुधरायला तुला आजचाच दीस घावला?"

"उसव की मग! तुला तेच येतंय!"

"दे हिकडं!" हरणाबाईंनी झगा ओढला, पाकळी उसवली, पुन्हा सुई खुपसली. "गुणाची एक गोष्ट हुती तुज्यापाशी, ती बी गेली!"

तेवढ्यात हवालदार दारात आले. त्यांनी दोघींच्या मधली ती बाही बघितली, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. "साऱ्या खटाव तालुक्यात गलती करायला एक शिपाई मिळंना! साहेब, लढाई हारलो!"

बनुबाईंना आधी फुटलं. शेंगांचं सूप कलंडलं. मग हरणाबाईंना. त्या एरवी ओठ मिटून हसतात, पण त्या दिवशी त्या पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मान मागे टाकून हसल्या. बनुबाई त्यांच्या खांद्यावर आणि सुई कापडात. हात सवयीनं चालूच होता. दोरा ओढला गेला, टाका बसला, दुसरा बसला, आणि हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसून खाली बघितलं.

पाकळी वळली होती. ओळीत सगळ्या ताठ आणि ही एकटी मान वर करून, जणू तीसुद्धा हसत होती. अस्सल, गावठी, कुणी न ठरवलेली चूक.

आता आनंद व्हावा की नाही? हरणाबाईंचा हात थेट कमरेला गेला. चंचीतलं ब्लेड बाहेर आलं सुद्धा.

"हात लावशील तर!" बनुबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"बने, सोड! मला बघवंना!"

"नगं बघू! हवालदार, चंची काढून घ्या हिची!"

हवालदारांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोचं हत्यार जप्त केलं आणि ते बनुबाईंच्या ताब्यात दिलं. चंची घेऊन बनुबाईही इस्लामपूरच्या लग्नाला निघाल्या, पहारा म्हणून.

कार्यालयात माणूस मावत नव्हतं. विधी उरकले आणि अक्षतांना जना झगा घालून आली. कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा, कमरेला तो तांबडा पट्टा, आणि घोट्यापर्यंत फुलंच फुलं. भावकीतल्या काही बायका "नवरी झग्यात गं?" असं पुटपुटायला आल्या होत्या. त्या पुटपुटायच्या विसरल्या आणि पुढे येऊन बाहीला हात लावून बघायला लागल्या. इतक्या नजरा त्या पोरीवर होत्या, की हरणाबाई माझ्याशेजारी उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या. त्यांची स्वतःची नजर मात्र त्या एका पाकळीवर. दर थोड्या वेळानं हात कमरेला जाई, तिथं चंची नसे, आणि पलीकडून बनुबाई खाकरत.

अक्षता पडल्या. राजवर्धननं फोन समोर धरला. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली, सुरकुतलेली, तांबूस गालांची आजी. बघताक्षणी रडली, मग हसली, मग काहीतरी बोलली आणि बोट नाचवलं. काय बोलली ते भाषा न कळता सगळ्यांना कळलं. जनानं डावी बाही फोनपुढे धरली.

आजी पडद्याच्या इतकी जवळ आली, की नुसता एक डोळाच दिसायला लागला. बराच वेळ तो डोळा हलला नाही. हरणाबाईंनी माझा दंड असा धरला, की दुसऱ्या दिवशीही वळ होता.

डोळा मागे गेला. आजी बोलली. जनानं बाही खाली घेतली.

"काय म्हनली?" साळूबाईंनी विचारलं.

"म्हणाली, ही माझी चूक न्हाई. माझी खाली बघत होती. ही वर बघते. कोणी केली?"

कार्यालयात एवढी माणसं, पण हरणाबाई कुणाच्या मागे लपल्या नाहीत. पदर सावरून फोनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मी केली. आधी तुमची पुसली, मग माजी केली. पोरीला रागावू नगा, तिला बोल लावू नगा. सगळं माज्या हातनं झालं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर खरीखुरी झालीया. मुद्दाम न्हाई. हसता हसता झाली."

जनानं तिकडच्या भाषेत सगळं सांगितलं असणार. पाटी, कोंबड्या, डावा हात, बनुबाईंची सरळ पाकळी, सगळं. कारण तिकडे आजीचे गाल हलायला लागले, मग खांदे, आणि मग ती तोंडावर रुमाल धरून अशी हसली की शेजारी बसलेले देदो खुर्चीतून उठून काय झालं ते बघायला आले. डोळे पुसून ती हरणाबाईंकडे बोट करून बोलली.

"बाबा म्हणते, मुद्दाम केलेल्या चुकीपेक्षा ही चांगली. ही तुमच्या पोटातनं आली. ठेवा." जना थांबली. "पर बाबाची एक तक्रार हाय."

"काय गं?" हरणाबाई फोनकडे वाकल्या.

"म्हणते, काखेतली शिवण लय सरळ हाय. कुणाचा तरी डोळा लागेल. बघा हां."

हवालदार म्हणतात, लग्नातसुद्धा त्यांची बायको अशी लाजली नव्हती. हरणाबाईंनी पापणीवरचं काजळ बोटावर घेतलं, जनाचा हात वर केला आणि काखेतल्या त्या शिवणीवर, कुणाला दिसणार नाही असा, एक ठिपका लावला. आजीनं पडद्यातून टाळी वाजवली. म्हणाली, आता झोपते; तिकडे तर सकाळ होती.

जेवणाच्या पंगतीत बनुबाई एकदम घास धरून थांबल्या.

"फूटपट्टे, मला सांग. इतकी वर्सं निम्म्या वडूजच्या बाया माजं ब्लाउज घालून हिंडत्यात. एकीला तरी दृष्ट लागली?"

"न्हाई."

"कुनामुळं?"

"तुज्यामुळं, बाई, तुज्यामुळं," हरणाबाई म्हणाल्या. "आता माजी चंची दे."

"घरी गेल्यावर."

पुढच्या आठवड्यात हरणाबाईंच्या दुकानावर पाटी चढली. तीच, खुराड्याची, धुऊन पुसून, मात्रा कललेली. रंगारी येता-जाता तिच्याकडे मान वर करून बघतो आणि छाती काढून चालतो. खुराड्याला नवं दार बनुबाईंनी स्वतः बसवून दिलं, मैत्रीखातर. ते लागत नाही. कोंबड्या दिवसभर गल्लीत फिरतात, आणि कुणी काही बोललं तर हरणाबाई म्हणतात, "फिरू द्या. त्यास्नी बी दृष्ट लागू ने."